टोचणमावशींच्या वेलाचा बाक

आमच्या गल्लीत लाँड्री आणि घड्याळवाला यांच्या मधोमध दीड माणूस मावेल एवढी एक खोली आहे. आत शिरलं की आधी रॉकेलचा वास येतो आणि मग डोक्याला कागद लागतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेले ट्रेसिंगचे कागद. लांबून कोरेच वाटतात. पण एखादा काढून उजेडाकडे धरला की त्यात बदकं, द्राक्षांचे घड, गुलाबाच्या फांद्या दिसायला लागतात, नुसत्या भोकांच्या.

भरतकामासाठी कापडावर नक्षी छापून देणाऱ्या बाईंची ही जागा. उशीचे अभ्रे, पडदे, टेबलक्लॉथ, लहान मुलींचे फ्रॉक, जे न्याल त्यावर त्या हवी ती नक्षी उठवून देतात. टाके घालायचं काम तुमचं. त्यांची पद्धत अशी : कागदावर चित्र काढायचं, त्याखाली आणखी दोन कोरे कागद घ्यायचे, सगळ्यांच्या खाली जुन्या ब्लँकेटची चौपदरी घडी ठेवायची आणि पेन्सिलीच्या बुडात खोचलेल्या बारीक सुईने रेघेवरून तीळ-तीळ अंतरावर भोकं पाडत जायचं. मग तो कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची नक्षी तयार. सगळा दिवस टोचण्यात जातो म्हणून गल्ली त्यांना टोचणमावशी म्हणते. पाच मिनिटं त्यांचं बोलणं ऐकलं की ते नाव आणखीच पटतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या नमुन्यांची वही दोनदा चाळून झाल्यावर म्हटलं होतं, "मावशी, यातलं नको. काहीतरी वेगळं, ओरिजिनल असं नाही का?"

"आहे ना," त्या म्हणाल्या आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "घ्या. काढा."

मी मुकाट्याने द्राक्षांचा घड पसंत केला.

आमची बारकी तेव्हा बारा वर्षांची होती. एकुलती एक असूनही तिला बारकी का म्हणतात ते विचारू नका, जन्मली तेव्हा होतीच तेवढी. एका शनिवारी तिला पडद्याचं कापड देऊन मावशींकडे पाठवलं, तर दोन तास झाले तरी परत नाही. मी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून सगळी गल्ली पालथी घातली. लाँड्रीवाल्याला विचारलं, घड्याळवाल्याला विचारलं आणि मधली खोली तेवढी घाईत सोडून पुढे पळाले. परत येताना आत डोकावले. बारकी खिडकीपाशी एक कागद दोन्ही हातांनी उजेडाला धरून उभी होती. मी आल्याचंही तिला कळलं नाही.

"मुलगी हरवली म्हणून शोधताय होय?" मावशी सुई न थांबवता म्हणाल्या. "हरवलीच आहे. पण आहे इथंच, काळजीबाई."

तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी काळजीबाई झाले, ती आजतागायत.

बारकी रोज शाळा सुटली की तिकडे जाऊ लागली. मावशींनी तिला पहिली दोन वर्षं पेन्सिल हातात घेऊ दिली नाही. जुना कागद झिजला की तो नव्यावर ठेवायचा आणि भोकावर भोक पाडायचं, बस्स. हे कागद फार तर दोन वर्षं टिकतात. रॉकेलने मऊ पडतात, भोकं एकमेकांत मिसळतात, म्हणून तीच नक्षी पुन्हा पुन्हा नव्या कागदावर उतरवत राहावी लागते. मला याची धास्ती वाटायला लागली. पोर हुशार, चित्रं काढायची हौस आणि आयुष्यभर काय, दुसऱ्याच्या रेघा टोचायच्या?

एकदा न राहवून मी विचारलंच, "मावशी, ही स्वतःचं कधी काढणार?"

"तुम्ही बोलायला शिकलात," मावशी म्हणाल्या, "तेव्हा पहिला शब्द स्वतःचा काढला होतात का?"

त्यांची स्वतःची हकिगत मला अशी तुकड्यातुकड्यांनी कळत गेली, बहुतेक वेळा माझ्या एखाद्या प्रश्नाला फटकारताना. त्यांना चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. वडिलांनी सांगितलं, आधी धाकट्या तिघांची शिक्षणं. एकोणिसाव्या वर्षी त्या एका मास्तरांच्या कारखान्यात लागल्या. मास्तर नक्षी काढण्यात नावाजलेले, पण डोळे अधू होत चाललेले. ते जाड रेघेने चित्र काढायचे, मावशी टोचायच्या.

"पहिल्या वर्षी वाटायचं, या म्हाताऱ्यालाच टोचावी ही सुई," मावशी सांगायच्या. "दुसऱ्या वर्षी वाटायला लागलं, याच्यापेक्षा मी बरी काढीन. तिसऱ्या वर्षी एक दिवस बघते तर पान वळतं तिथे माझी भोकं जवळजवळ पडताहेत आणि रेघ सरळ जाते तिथे लांबलांब. कुणी शिकवलं नव्हतं हो. हाताला आपोआप कळलं होतं. त्या दिवशी मास्तरांच्या पाया पडले. त्यांना वाटलं, नोकरी सोडतेय."

मास्तरांनी डोळे पार गेल्यावर आपले सगळे कागद पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळून मावशींना देऊन टाकले. मावशींचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेत. दुपारी चारला ते किटलीतून चहा आणतात, कागद कापून देतात आणि स्वतःला मावशींचे असिस्टंट म्हणवतात. ते म्हणतात, "लग्नात मला एक बायको आणि अकरा नळकांडी मिळाली. चार घरं बदलली. दर वेळी आधी नळकांड्यांची जागा ठरायची, मग माझी."

आणि एवढं सगळं करून, कुणी कौतुक केलं की मावशींचं ठरलेलं उत्तर : "माझं काही नाही हो यात. मी आपली नक्कल करणारी बाई. मास्तरांचं आहे सगळं."

हे त्या विनयाने म्हणत नसत. दुधाला पांढरं म्हणावं तसं म्हणत. पंचेचाळीस वर्षं म्हणत होत्या.

बारकीने बारावीनंतर कापडावरच्या नक्षीकामाचा अभ्यासक्रम असलेल्या एका कॉलेजसाठी अर्ज केला. वीस जागा. अर्जासोबत स्वतः केलेल्या कामाचे फोटो पाठवायचे आणि एका छापील ओळीखाली सही करायची : "सोबतचे काम पूर्णपणे माझ्या स्वतःच्या कल्पनेतून साकारलेले आहे." तिने एक टेबलक्लॉथ भरला होता. त्याच्या कडेने मटारचा वेल गेलेला, एका कोपऱ्यात एक शेंग फुटलेली आणि तिच्यातले दाणे कापडभर घरंगळत गेलेले. तीन महिने ती त्याच्यावर वाकली होती. मला ते काम बघून धन्य वाटलं होतं. मी तिला म्हटलंही, आता कर सही आणि टाक पाठवून.

महिन्याभराने पत्र आलं. मी पदवीधर बाई, पत्राची भाषा मला पहिल्या ओळीतच कळली. परीक्षकांपैकी एकींच्या घरी एक जुना टेबलक्लॉथ आहे. त्यावरचा वेल, पानं आणि शेंगा अर्जदाराच्या कामाशी जुळतात. इतकंच नव्हे, तर वेलापासून दूर असलेली एक सुटी गाठ दोन्ही कापडांवर त्याच जागी आहे. अर्जदाराने गुरुवारी मूळ काम घेऊन यावे व स्पष्टीकरण द्यावे.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? जायचं," बारकी म्हणाली. "मावशींना सांगते. त्या येतील कागद घेऊन."

"कशाला? आपणहून पुरावा घेऊन जायचं?"

"कसला पुरावा, आई? वेल मास्तरांचाच आहे. मी कधी नाही म्हटलं?"

"सही करताना म्हटलंस की!"

ती ओळ तिने वाचलीच नव्हती. सही मी समोर बसून करून घेतली होती.

बुधवारी दुपारी बारकी मावशींकडे गेली आणि घरात मी आणि तो टेबलक्लॉथ, दोघंच उरलो. मी तो पसरून बघत बसले. हिरवे दाणे दहा. आणि त्यांच्याही पलीकडे, पार कडेला, राखाडी दोऱ्याची ती एकटी गाठ. पत्रातल्या शब्दांनी ती माझ्या डोळ्यांत कुसळासारखी सलायला लागली. वेल काय, सगळे सारखेच असतात. पानं सारखी निघू शकतात. पण ही गाठ? हिला ना आगा ना पिछा. दुसऱ्याच्या चुकीसकट उतरवून घेतलं की काय पोरीने? मी नखं कापायची कात्री आणली, गाठीखाली टोक घातलं आणि ती कापली. दोऱ्याचे तुकडे चिमटीने ओढून काढले, जागा ओल्या फडक्याने पुसली, इस्त्री फिरवली. काही म्हणता काही दिसत नव्हतं. आईने करण्यासारखं काहीतरी केलं, असं मला त्या वेळी वाटलं. खोटं कशाला बोलू.

गुरुवारी आम्ही तिघी गेलो. मावशींनी ठेवणीतली पर्स घेतली होती आणि काखेत दोन नळकांडी. त्या अशा कुठल्या इमारतीत पहिल्यांदाच येत होत्या. जिन्यात भिंतींवर लावलेली मुलांची चित्रं बघत त्या प्रत्येक पायरीवर थांबत होत्या.

खोलीत लांब टेबलामागे विभागप्रमुख बाई होत्या, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, आणि एक तरुण सर. टेबलावर तो जुना टेबलक्लॉथ पसरलेला होता. बाई म्हणाल्या, "हा माझ्या सासूबाईंचा. रोज याच्यावर जेवते, त्यामुळे फोटो पाहिल्या पाहिल्या ओळखला." त्यांनी बारकीचं कापड शेजारी पसरलं, हातात फोटो घेतला आणि त्यांचं बोट कडेला येऊन थांबलं.

"फोटोत इथे गाठ आहे," त्या म्हणाल्या. "कापडावर नाही."

फोटो! अर्जासोबत फोटो गेलेत, हे मीच पाकिटावर पत्ता घातला असताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बारकी वाकली. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. "परवापर्यंत होती," ती म्हणाली.

"मग गेली कुठे? पत्र मिळाल्यावर काढलीस का?"

"नाही! मी कशाला काढू?"

"कुणीतरी काढली आहे. इथे दोऱ्याची भोकं दिसतात." बाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. तरुण सर काहीतरी लिहून घेत होते. ते लिहून झालं की आपली पोर कायमची लबाड ठरणार, एवढं मला स्पष्ट दिसलं.

"मी काढली," मी म्हटलं.

"आई!"

"तिला माहीत नाही. तुमच्या पत्रात त्या गाठीचा उल्लेख होता, म्हणून मला वाटलं, ती नसली तर..." पुढचं वाक्य मलाच ऐकवेना.

शेजारून खुसखुस ऐकू आली. मावशी पदराने तोंड दाबून हसत होत्या.

"अहो काळजीबाई," त्या म्हणाल्या, "अख्खा वेल ठेवलात आणि पाहुण्याला तेवढं हाकललंत होय? चोराने घर सोडून पायपुसणं न्यावं, तसं झालं हे!"

"पाहुणा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

मावशींनी नळकांडं उघडलं. आतून तीन कागद निघाले, त्यातला एक चहाच्या रंगाचा झालेला. मास्तरांचा. तो त्यांनी बाईंच्या टेबलक्लॉथवर ठेवला. वेलावर वेल बसला आणि दूरच्या त्या गाठीवर एक एकटं भोक.

"आमच्या कामात रबर नाही," मावशी म्हणाल्या. "रेघ चुकली तर खोडता येते, भोक चुकलं तर काय करणार? वर कागद चिकटवून बुजवावं, तर रॉकेलने डिंक सुटतो. कागद टाकून द्यावा, तर महिन्याची मेहनत जाते. मग ते भोक राहतं आणि छापताना ठिपका उमटतो. त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. न बोलावता आलेला. मास्तरांची शिस्त अशी की, नवा कागद टोचताना पाहुण्यालाही टोचायचं. त्याला हाकलायचं नाही."

"चूक का ठेवायची पण?" सरांनी विचारलं.

"म्हणजे कागद कुणाच्या हातून आला ते कळतं. हे भोक मास्तरांचंही नाही. ते ज्यांच्याकडे शिकले, त्यांच्याकडचं आहे. कुणाचा हात हलला, शिंक आली, की मांडीवरचं पोर रडलं, देव जाणे. चोरी करणारा पहिल्यांदा पाहुण्याला घालवतो. आमच्या पोरीने ठेवला, तो मी शिकवलं म्हणून."

चोरी करणारा पहिल्यांदा पाहुण्याला घालवतो. मी जमिनीकडे बघत उभी होते.

"ठीक आहे," बाई बारकीला म्हणाल्या. "म्हणजे तू लपवत नव्हतीस. पण मग यात तुझं काय?"

बारकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मॅडम, मी हा पाहुणा दोन वर्षं नुसता टोचत होते," ती म्हणाली. "मग एका अभ्र्यावर भरायला घेतला, तेव्हा वाटलं, हा दाणा असेल. वेल मटारचा आहे, म्हणजे कुठली तरी शेंग फुटली असणार. पण मास्तरांच्या वेलावर सगळ्या शेंगा बंद आहेत. मग हा आला कुठून? म्हणून मी एक शेंग उघडली."

"आणि?"

"मग बाकीचे यायलाच लागले. दहा. हा त्यांच्या सगळ्यांच्या आधी पोचलेला, म्हणून याला वेगळा रंग दिला." तिने कडेच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "आईने नेमका तोच काढला. बाकी सगळं त्याच्यामुळे आहे."

बाई हसल्या नाहीत, पण खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी तरुण सरांना तिन्ही कागद खिडकीच्या काचेवर लावायला सांगितले, मास्तरांचा, मावशींचा आणि बारकीचा. सरांनी ते एकावर एक धरले. बाहेरचं ऊन भोकांतून आत आलं. पाहुण्याचं भोक तिन्हींतून आरपार लखलखत होतं. पानं बहुतेक जुळत होती. पण वेलाच्या मध्यावर मास्तरांचा देठ एकीकडे गेला आणि मावशींचा दुसरीकडे.

"मावशी," सर म्हणाले, "हा बाक मास्तरांच्या कागदावर नाहीये."

"असं कसं? मी तंतोतंत टोचलंय. कागद सरकला असेल."

"तुमच्या सासूबाईंच्या कापडावरही देठ सरळच आहे," सर बाईंना म्हणाले.

दुसऱ्या नळकांड्यात मावशींचे जुने, बाद झालेले कागद होते, प्रत्येक आधीच्यावरून टोचलेला. बारकीने ते काढून ओळीने काचेवर लावले. पहिल्यात देठ तीळभर झुकला होता. पुढच्यात आणखी तीळभर. पाचव्या कागदावर बोटभर बाक आला होता.

"सरकलेच असणार," मावशी पुन्हा म्हणाल्या, पण आता आवाजात जोर नव्हता.

"सरकले असते तर कधी वर गेला असता, कधी खाली," बारकी म्हणाली. "हा दर वेळी खालीच झुकलाय. शेंगांच्या भाराने झुकल्यासारखा. मावशी, तो तुम्ही झुकवलाय."

मावशी काचेजवळ गेल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत बोट फिरवलं, परत मागे आणलं.

"मास्तर रागावले असते," शेवटी त्या म्हणाल्या. मग बोट बाकावरच ठेवून, "की नसते?"



विभागप्रमुख बाईंनी अर्ज पुढे ओढला. "तरी एक गोष्ट राहतेच. पूर्णपणे स्वतःच्या कल्पनेतून, याखाली तुझी सही आहे. ते खरं नाही."

"नाही," बारकी म्हणाली.

"मग खरं असेल ते लिही. जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिही. निर्णय आम्ही नंतर कळवू."

बारकी आत लिहीत बसली आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकड्यावर आलो. मावशींनी बारकीचं कापड माझ्या मांडीवर ठेवलं आणि पर्समधून सुई आणि राखाडी दोऱ्याचं रीळ काढलं.

"मी?" मी म्हटलं. "मला नाही येत."

"काढता आली ना? मग लावताही येईल. दोरा सुईला तीनदा गुंडाळा. ओढू नका एवढ्या जोरात. हां. आता त्याच भोकातून खाली."

सुई दोनदा बोटात गेली. अखेर गाठ बसली, बेढब आणि मोठी. मावशींनी मान तिरकी करून बघितलं. "गाठ आहे की बटाटा? असू दे. पाहुणा जरा जेवून आलाय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी म्हटलं, "मावशी, मी आज तिचं वाटोळं केलं असतं."

"केलं असतंत. पण लगेच बोललातही." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मी पंचेचाळीस वर्षं चुकीचं बोलत आले, मला तर कळलंही नाही."

बारकीने जे लिहिलं त्याची नक्कल मी ठेवली आहे : "वेल, पानं आणि बंद शेंगा : मास्तर, आणि त्यांच्या आधीचे, ज्यांची माहिती मिळाली नाही. देठाचा बाक : टोचणमावशी. त्या नाही म्हणतात. उघडी शेंग आणि दहा दाणे : मी. अकरावा दाणा : पाहुणा. तो काढला आईने आणि परत लावलाही आईने." शेवटची ओळ तिने बाहेर येऊन गाठ बघितल्यावर घातली आणि मग पान आत दिलं. येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. बोलली नाही, पण बसली माझ्याच शेजारी.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. ते अकरा दिवस मी कसे काढले ते सांगत बसत नाही. दुसऱ्या यादीत होतं, विसांतल्या एकोणिसाव्या जागेवर. बारकी तेव्हा मैत्रिणीकडे होती. मी तिला फोन केला आणि तशीच मावशींच्या खोलीकडे निघाले. या बाईंचे उपकार कसे मानायचे ते चालता चालता जुळवत होते. सहा वर्षं त्यांनी माझ्या मुलीला नक्कल करायला शिकवलं आणि मी सहा वर्षं मनातल्या मनात त्याबद्दल कुरकुरत आले. त्या नकलेतूनच तिला तिचं काहीतरी सापडलं, आणि वर खरं कसं सांगायचं तेही तिने त्यांच्याकडूनच उचललं.

मावशी ब्लँकेटच्या घडीसमोर बसल्या होत्या. समोर मटारच्या वेलाचा झिजलेला कागद, खाली नवे, हातात सुई. पण सुई चालत नव्हती. असिस्टंट चहाची किटली घेऊन कोपऱ्यात गुपचूप उभे होते.

"तीन दिवस झाले," ते मला हळूच म्हणाले. "देठापर्यंत येते आणि थांबते."

"आता कळलंय ना," मावशी वर न बघता चिडून म्हणाल्या. "आधी आपोआप व्हायचं. आता बाकाजवळ आले की हात विचारतो, झुकवू का? किती झुकवू? मुद्दाम केला की गाढवाच्या पाठीसारखा दिसतो. कशाला दाखवलंत मेल्यांनो मला!"

मी जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मावशी, बारकीला मिळाली ॲडमिशन."

त्यांनी सुई खाली ठेवली. माझा हात धरला. त्यांची बोटं निळी होती, माझीही झाली. असिस्टंट "वा वा वा" म्हणत चहा ओतायला लागले आणि अर्धा बशीत सांडला.

"कुठे राहणार ती? वसतिगृहात?" मावशींनी विचारलं.

"तीच तर काळजी आहे," मी म्हटलं. "वसतिगृह कॉलेजपासून लांब आहे. बस बदलावी लागते. आणि सकाळी सातला तास म्हणजे ही उठणार कधी, खाणार काय? घरी मी चार हाका मारते तेव्हा एक डोळा उघडतो. शिवाय खोलीत दुसरी मुलगी कोण येईल..."

मावशींनी सुई उचलली. "हां, मग?" त्या म्हणाल्या.

"मग काय? ती मुलगी रात्रभर दिवा लावणारी निघाली तर? हिला उजेडात झोप येत नाही. आणि पांघरूण तर ही हमखास..."

टक, टक, टक, सुई चालायला लागली होती. मावशी कागदाकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी देठाकडे बघितलं, भोकं आपोआप खाली झुकत चालली होती, आणि मी थबकले.

"थांबू नका हो!" त्या ओरडल्या. "बोलत राहा, काळजीबाई. पांघरुणाचं काय?"

असिस्टंटांनी माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि बोलत राहिले. पांघरूण झालं, सर्दी झाली, कपडे कोण धुणार ते झालं, परीक्षा झाल्या. माझ्याजवळ अजून पुष्कळ होतं.